वंशावळ बंद, निकाल खुला

बंगळुरूच्या ऐन मध्यभागी सुमारे ८५ एकरांचे रेसकोर्स आहे. बंगळूर टर्फ क्लबकडे असलेल्या या सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्याची मुदत २००९ मध्ये संपली आणि तेव्हापासून रेसकोर्स शहराबाहेर हलवण्याचा वाद सुरू आहे. जानेवारी २०२४ मध्ये शहराच्या गुन्हे शाखेने तिथल्या बुकींवर करचुकवेगिरीच्या संशयावरून छापे घातले. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने शर्यतींचा परवाना नाकारला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि काही दिवसांतच खंडपीठाने तिला स्थगिती दिली. जमीन, जुगार आणि कर या तीन शब्दांभोवतीच ही चर्चा फिरत राहिली आहे.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा वाद अनोळखी वाटणार नाही. महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, तेव्हापासून तिथेही असाच प्रश्न उभा राहिला. मात्र दोन्ही शहरांतल्या चर्चेत एक मूळ प्रश्न बाजूला पडतो. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणे कायद्याने जुगार का मानले जात नाही?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात दिले. घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा खेळ नसून प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा तो निर्णय होता. घोड्याचा वंश, त्याला मिळालेले प्रशिक्षण, त्याची आजवरची कामगिरी आणि जॉकीची कुवत या गोष्टी अभ्यासता येतात. म्हणून निकालाचा अंदाज बांधणे हे फासे टाकण्यासारखे नाही, असा त्यामागचा विचार आहे.

याचा अर्थ असा की या व्यवसायाची कायदेशीर प्रतिष्ठा माहितीवर उभी आहे. ती माहिती खरी आणि सर्वांना सारखी उपलब्ध असेल तर कौशल्याला अर्थ उरतो. ही माहिती दोन ठिकाणी तयार होते. पहिले ठिकाण पैदास केंद्रातली वंशनोंद, आणि दुसरे शर्यतीत घोडा दाखल करण्याचे नियम. दोन्हींची रचना समजून घेतल्याशिवाय रेसकोर्सबद्दल मत बनवणे घाईचे ठरेल.

आधी वंशाकडे पाहू. शर्यतीतला घोडा थरोब्रेड म्हणजे शुद्धवंशी या जातीचा असतो. ही जात फार प्राचीन नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्थानिक घोड्यांचा पूर्वेकडून आणलेल्या वळूघोड्यांशी संकर करून ती तयार झाली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तिचे तीन मूळपुरुष मानले जातात.

साधारण त्याच काळात भीमा नदीच्या खोऱ्यात मराठ्यांच्या घोडदळासाठी अरबी व तुर्की रक्त स्थानिक तट्टांशी मिसळून भीमथडी घोडा घडत होता. पैदाशीची रीत दोन्हीकडे मिळतीजुळती होती, पण नोंदीत मोठा फरक पडला. इंग्लंडमध्ये जेम्स वेदरबी यांनी १७९१ मध्ये स्टड बुक म्हणजे वंशनोंदवही छापायला सुरुवात केली. भीमथडीला असे दप्तर कधी लाभले नाही. मराठ्यांचे घोडदळ संपल्यावर ती जात विस्मरणात गेली, आणि स्वतंत्र जात म्हणून तिची अधिकृत नोंद व्हायला आपले शतक उजाडावे लागले.

थरोब्रेडचे वेगळेपण या नोंदवहीतच आहे. आई आणि वडील दोघेही नोंदवहीत असतील तरच शिंगराची नोंद होते. बाहेरचा घोडा कितीही वेगवान असला तरी त्याला तिथे सहजासहजी प्रवेश नाही. भारतात ही नोंद स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ही पुण्यातली संस्था ठेवते. शिंगराच्या शरीरात मायक्रोचिप बसवली जाते आणि त्याचे आईवडील तेच आहेत याची डीएनए चाचणीने खात्री केली जाते.

पैदाशीचाही एक कडक नियम आहे. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा आणि घोडी यांचा नैसर्गिक समागमच ग्राह्य धरला जातो. गायी-म्हशींच्या पैदाशीत रेतनाच्या कांड्या गावोगावी पोहोचतात, तशी इथे परवानगी असती तर एकाच नामवंत वळूघोड्याची हजारो पिल्ले दरवर्षी जन्मली असती. या नियमाने त्या संख्येला नैसर्गिक मर्यादा घातली आहे. त्याचबरोबर नामवंत वळूघोड्याचे मोलही चढे राहिले आहे.

वयाचा नियमही माहीत असायला हवा. आपल्याकडे सर्व शर्यतींच्या घोड्यांचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारीला असतो. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. त्यामुळे शिंगरू जानेवारीनंतर लवकरात लवकर जन्मावे, अशी पैदासकाराची धडपड असते. जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदावर एकाच वयाचे असले, तरी दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत चार महिन्यांची वाढ मोठा फरक पाडते. जाणकार शर्यतप्रेमी म्हणूनच जन्मतारीखही पाहतो.

आता वेगाच्या आनुवंशिकतेकडे येऊ. २०१० मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातील एमेलिन हिल यांच्या गटाने मायोस्टॅटिन या जनुकाचा थरोब्रेडच्या धावण्याच्या अंतराशी असलेला संबंध दाखवला. हे जनुक स्नायूंच्या वाढीवर नियंत्रण ठेवते. त्याची ‘सी’ आणि ‘टी’ अशी दोन रूपे आढळतात. प्रत्येक घोड्याला एक रूप आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते.

दोन्ही रूपे ‘सी’ असलेल्या घोड्याचे स्नायू लवकर भरतात आणि तो साधारण १००० ते १६०० मीटरच्या शर्यतीत चमकतो. दोन्ही रूपे ‘टी’ असतील तर तो २००० मीटरपुढे दम टिकवतो. एक ‘सी’ आणि एक ‘टी’ असेल तर मधली अंतरे त्याला मानवतात. जुने पैदासकार याच गोष्टी वंशावळ आणि बांधा पाहून ताडत असत. चाचणीमुळे त्या अंदाजाला आधार मिळाला.

पण हे जनुक घोड्याला कोणते अंतर मानवेल एवढेच सांगते. तो जिंकेल की नाही हे त्यातून कळत नाही. शर्यतीतली कामगिरी असंख्य जनुकांवर, खाद्यावर, धावपट्टीवर, प्रशिक्षकावर आणि घोड्याच्या स्वभावावर अवलंबून असते. कामगिरीतला आनुवंशिक वाटा मोजणाऱ्या बहुतेक अभ्यासांत तो निम्म्याहून बराच कमी निघाला आहे. म्हणून अव्वल आईबापांचे महागडे शिंगरू साधारण निघते आणि कोणी न विचारलेले शिंगरू मोठी शर्यत मारते, असे वारंवार घडते.

नोंदवहीचे दार बंद ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आजच्या थरोब्रेडमधली सुमारे ७८ टक्के जनुकीय सामग्री अवघ्या ३० मूळ पूर्वजांकडून आलेली आहे. नरवंशाच्या बाबतीत हे अधिक ठळक दिसते. आजचे सुमारे ९५ टक्के नर पित्याच्या बाजूने एकट्या डार्ली अरेबियनपर्यंत जाऊन पोहोचतात.

भारतातही हेच चित्र आहे. गेल्या काही दशकांत देशातल्या पैदाशीवर छाप पाडणारे रझीन आणि मल्टिडायमेन्शनल हे दोन वळूघोडे पाहा. रझीन हा कॅनडात १९६१ मध्ये जन्मलेल्या नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. मल्टिडायमेन्शनल हा डेनहिलचा मुलगा, आणि डेनहिल नॉर्दर्न डान्सरचा नातू. घोडी निवडताना पैदासकाराला वेगळे रक्त शोधावे लागते, आणि दर पिढीगणिक ते शोधणे अवघड होत जाते.

जवळच्या नात्यातल्या पैदाशीला अंतःप्रजनन म्हणतात. तिचा धोका समजायला सोपा आहे. एखादे सदोष जनुक एका बाजूनेच आले तर दुसऱ्या बाजूचे निरोगी जनुक त्याला झाकून ठेवते. दोन्ही बाजूंनी तेच आले तर दोष उघडा पडतो. २०२० मध्ये दहा हजारांहून अधिक घोड्यांच्या जनुकीय अभ्यासातून गेल्या पाच दशकांत अंतःप्रजनन वाढत असल्याचे दिसले. अंतःप्रजनन जितके अधिक, तितकी घोडा शर्यतीत उतरण्याची शक्यताच कमी, असेही त्यानंतरच्या संशोधनातून समोर आले.

अमेरिकेच्या जॉकी क्लबने यावर उपाय म्हणून एका वळूघोड्याकडे वर्षाला जास्तीत जास्त १४० घोड्या नेता येतील, अशी मर्यादा २०२० मध्ये ठरवली. पैदासकारांनी तिला न्यायालयात आव्हान दिले आणि २०२२ मध्ये ती मागे घेण्यात आली. वैयक्तिक नफा आणि जातीचे दीर्घकालीन आरोग्य यांतला संघर्ष तिथेही सुटलेला नाही.

वंशनोंदीचा विषय इथे संपतो आणि शर्यतीत घोडा दाखल करण्याच्या नियमांचा सुरू होतो. वंशाचे दार बंद असले तरी निकालाचे दार उघडे राहावे, यासाठी हे नियम आहेत. सर्वांत चांगला घोडाच दर वेळी जिंकणार असेल तर कोणी घोडे पाळणार नाही आणि कोणी पाहायलाही येणार नाही. म्हणून घोड्यांची प्रतवारी केली जाते आणि त्यांच्यावर वजन चढवून त्यांना एकमेकांच्या जवळ आणले जाते. याला हँडिकॅप म्हणतात. भार टाकून बळ समान करण्याची ही पद्धत आहे.

तिची यंत्रणा अशी. क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग म्हणजे गुणांकन देतो. ठरावीक गुणांच्या टप्प्यातले घोडेच एका शर्यतीत दाखल होऊ शकतात. टप्पा २० ते ४५ गुणांचा आहे असे समजू. आपल्याकडे साधारणपणे एक गुण म्हणजे अर्धा किलो. तेव्हा ४५ गुणांच्या घोड्यावर ६० किलो असतील, तर २५ गुणांच्या घोड्यावर ५० किलो येतील. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी पडले तर शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. शर्यतीआधी आणि नंतर जॉकीचे वजन होते ते याचसाठी.

घोडा शर्यतीत एका दिवसात दाखल होत नाही. क्लब आधी मोसमाचा कार्यक्रम जाहीर करतो. मग घोड्यांची नावे दिली जातात, वजने जाहीर होतात, आणि ती पाहून मालक व प्रशिक्षक शर्यतीत उतरायचे की नाही ते ठरवतात. घोडे जास्त झाले तर शर्यतीचे दोन भाग पाडतात किंवा काही घोड्यांना वगळतात. त्यानंतर प्रत्येकाला सुरुवातीच्या फाटकातली जागा चिठ्ठीने मिळते. नवख्या घोड्याला त्याआधी सरावशर्यतीतून आपली तयारी दाखवावी लागते.

डर्बीसारख्या मोठ्या शर्यतींना हँडिकॅप लागू नसतो. तिथे एका वयाच्या घोड्यांमध्ये खरा श्रेष्ठ कोण हेच ठरवायचे असते. मुंबईतली इंडियन डर्बी १९४३ पासून होते. २४०० मीटरच्या या शर्यतीत चार वर्षांचे घोडे धावतात. नरांवर ५७ किलो आणि माद्यांवर ५५.५ किलो असतात. दीड किलोची ही सूट सर्व माद्यांना सारखीच मिळते. पहिलीच डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या मादीने जिंकली होती. बंगळुरूच्या उन्हाळी मोसमाचा कळसही जुलैतल्या डर्बीने गाठला जातो.

हँडिकॅपची पद्धत हुशारीची आहे, पण तिच्या पोटातच एक मोह दडलेला आहे. जिंकले की गुण आणि वजन वाढते. हरत राहिले की दोन्ही उतरते. म्हणजे घोडा काही शर्यतींत मुद्दाम मागे ठेवला तर तो हलक्या वजनावर येतो, आणि मग एका दिवशी त्याला मोकळे सोडून मोठी रक्कम मारता येते. रेसकोर्सच्या बोलीत याला घोडा खेचणे म्हणतात. अशा वेळी पैसे लावणाऱ्याचा सगळा अभ्यास वाया जातो, कारण ज्या कामगिरीवर त्याने विश्वास ठेवला ती खरी नव्हतीच.

यावर देखरेख ठेवणाऱ्यांना स्टुअर्ड म्हणजे शर्यतपंच म्हणतात. घोडा त्याच्या कुवतीनुसार धावला का, जॉकीने प्रयत्न केला का, हे ते चित्रफिती पाहून तपासतात. घोड्यांचे नमुने उत्तेजकांच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत जातात. वेदनाशामकांनाही बंदी असते. दुखणे झाकून पळवलेल्या घोड्याचा पाय ताशी साठ किलोमीटरच्या वेगात मोडला, तर घोड्याबरोबर जॉकीचाही जीव जाऊ शकतो.

खरी अडचण इथे सुरू होते. भारतात शर्यतींचे नियमन मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद इथल्या पाच टर्फ संस्था करतात. प्रत्येक संस्था आपापल्या ठिकाणी शर्यती भरवते, नियम लागू करते, स्टुअर्डांमार्फत निवाडे देते आणि टोट म्हणजे सामाईक पैज-यंत्रणा चालवून तिच्यातून उत्पन्नही मिळवते. खेळ भरवणारा, पंच आणि पैजेचा लाभार्थी एकाच छपराखाली आहेत. यात कोणी अप्रामाणिक आहे असे मुळीच नाही. पण प्रामाणिकपणा बाहेरून तपासता येईल अशी सोयही या रचनेत फारशी नाही.

कराच्या प्रश्नाने या अडचणीत भर घातली. टोटमध्ये लोकांनी लावलेल्या पैशातून क्लब आपले कमिशन काढतो आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटतो. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वस्तू व सेवा कर फक्त कमिशनवर लागावा असा निर्णय दिला होता. पुढे कायदा बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर कायम झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. लावलेल्या रकमेवरच एवढा कर असेल तर पैज कागदाबाहेर नेण्याची ओढ वाढते, आणि कागदाबाहेर गेलेल्या पैजेवर ना सरकारचे लक्ष राहते ना स्टुअर्डांचे.

या व्यवसायात केवळ पैजा लावणारेच आहेत असेही नाही. तुमकूर जिल्ह्यातले कुणिगल पैदास केंद्र टिपू सुलतानाच्या काळापासूनचा वारसा सांगते. पुण्याच्या परिसरात पूनावाला, येरवडा, मांजरी, नाणोली अशी पैदास केंद्रे उभी राहिली. पूनावाला केंद्रातले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जात, आणि त्याच अनुभवातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. वसंत शिंदे यांच्यासारखे मराठी जॉकी या खेळाने देशभर नावारूपाला आणले. तबेल्यात पहाटेपासून राबणारे मोतद्दार, नाल ठोकणारे, पशुवैद्य यांची घरे याच व्यवसायावर चालतात.

खेळ भरवणारा आणि पंच एकच असण्याच्या अडचणीवर जगात दोन प्रकारची उत्तरे सापडतात. ब्रिटनमध्ये अडीच शतके जॉकी क्लब हाच सर्वेसर्वा होता. त्याने नियमनाचे काम सोडले आणि २००७ मध्ये ते ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी या वेगळ्या संस्थेकडे आले. अमेरिकेने २०२० च्या कायद्याने उत्तेजक आणि सुरक्षेसाठी राष्ट्रीय यंत्रणा उभी केली. हाँगकाँगमध्ये मात्र शर्यती, पैजा आणि नियमन आजही एकाच क्लबकडे आहे. तिथे घोड्याच्या दुखापतीपासून स्टुअर्डांच्या अहवालापर्यंतची माहिती सर्वांसाठी उघडी असते, म्हणून लोकांचा विश्वास टिकला आहे. पंच वेगळा ठेवा किंवा सगळे दप्तर उघडे ठेवा. यांपैकी एक तरी हवेच.

आता निष्कर्षाकडे येता येईल. बंगळुरूचे रेसकोर्स शहरात राहावे की प्रस्ताव आहे त्याप्रमाणे कुणिगलला जावे, हा नगरनियोजनाचा प्रश्न आहे आणि तो त्याच निकषांवर सुटावा. शहराला मोकळी जमीन हवी हे खरे, पण जागा बदलल्याने खेळ स्वच्छ होणार नाही. माहिती बंद ठेवण्याची आजची पद्धत तशीच कुणिगलला गेली तर छाप्यांचे आणि परवान्यांचे वादही तिच्यामागे तिथे जातील.

एकदम बंदी हाही उपाय नव्हे. बंदीने अधिकृत खिडकी बंद होईल, पैजा बंद होणार नाहीत. पूर्ण रकमेवरचा जबर करही त्याच दिशेने ढकलतो. कर कमिशनवर लावावा आणि त्याच्या बदल्यात क्लबांकडून संपूर्ण पारदर्शकता वसूल करावी, हा व्यवहार सरकारच्या आणि खेळाच्या दोघांच्याही हिताचा ठरेल.

या पारदर्शकतेत चार गोष्टी किमान असाव्यात. हँडिकॅपरने गुण का वाढवले किंवा घटवले याचे कारण जाहीर व्हावे. स्टुअर्डांच्या चौकशीचे निर्णय आणि उत्तेजक चाचण्यांचे निकाल सर्वांना पाहता यावेत. प्रत्येक घोड्याच्या दुखापतींची आणि निवृत्तीनंतरच्या ठावठिकाण्याची नोंद राहावी. आणि स्टुअर्डांची नेमणूक पैजांचे उत्पन्न घेणाऱ्या समितीकडून न होता वेगळ्या स्वतंत्र मंडळाकडून व्हावी. परवाना देण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आधीपासूनच आहे. या अटी परवान्यात घालायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

पैदासकारांनीही आपल्या बाजूने पाऊल उचलावे. स्टड बुकचे दप्तर पुण्यातच आहे आणि डीएनए नमुने आधीच घेतले जातात. त्यांच्या आधारे प्रत्येक नियोजित जोडीचे अंतःप्रजनन किती होईल ते प्रसिद्ध करणे शक्य आहे. वळूघोड्यांवर सक्तीची मर्यादा घालण्यापेक्षा ही माहिती उघड करणे सोपे आहे, आणि घोडी पाळणाऱ्या लहान पैदासकारालाही तिचा उपयोग होईल.

सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला जुगारापासून वेगळे काढले ते तिच्यात अभ्यासाला वाव आहे म्हणून. हा भेद जपण्याची जबाबदारी आता क्लबांची आणि परवाना देणाऱ्या सरकारांची आहे. माहितीचे दप्तर बंद ठेवून कौशल्याच्या खेळाचे संरक्षण मागण्याचा अधिकार कोणत्याही क्लबला नाही.